हॉट रॉड : दक्षिण कॅलिफोर्नियातील हौशी यंत्रकार आणि कारागिरीच्या ज्ञानाचा प्रश्न (१९३०–१९६०)

१. विषयाचे स्वरूप

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती जी साधने सहजगत्या येतात ती बहुधा मोठ्या संस्थांची असतात. कारखान्यांची दप्तरे, पेटंटांच्या नोंदी, अभियंत्यांच्या परिषदांतून वाचलेले निबंध आणि संचालक मंडळांची इतिवृत्ते यांच्या आधारे तो आपला इतिहास उभा करतो. साहजिकच त्या इतिहासात ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने वाहताना दिसतो. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून तो आरेखन विभागात येतो, तेथून कारखान्यात जातो आणि अखेरीस ग्राहकापर्यंत पोहोचतो. ग्राहकाने यंत्र विकत घ्यावे, वापरावे आणि बिघडले म्हणजे दुरुस्तीस पाठवावे, एवढीच भूमिका त्याच्या वाट्याला उरते.

ह्या समजुतीशी न जुळणारा एक कागद अमेरिकन मोटार-उद्योगाच्याच दप्तरात आहे. झोरा आर्कस-डंटॉव्ह हा बर्लिन येथे शिकलेला अभियंता १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागात रुजू झाला आणि त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. टिपणाचा विषय होता तरुण वर्ग, हॉट रॉड बनविणारे लोक आणि शेव्हरोले. जुन्या मोटारी घेऊन त्या स्वतःच्या हातांनी वेगवान करणारी ही मुले फोर्डच्या यंत्रावर वाढलेली आहेत. त्यांची नियतकालिके फोर्डच्याच वर्णनांनी भरलेली असतात. उद्या हीच मुले ह्या व्यवसायात जबाबदारीच्या जागांवर येतील. तेव्हा आपले नवे इंजिन त्यांच्या हाती पडताना त्यासाठी लागणारे खास सुटे भागही आपणच तयार ठेवावेत, असा त्या टिपणाचा आशय होता.

त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या असलेल्या मोटार कंपनीतील एका सुविद्य अभियंत्याला परसातल्या शेडमध्ये काम करणाऱ्या तरुणांची एवढी दखल का घ्यावीशी वाटली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ह्या तरुणांचे काम केवळ छंद म्हणून बाजूस सारणे बरोबर नाही, तसेच त्यांना अपूर्व संशोधक ठरविणेही बरोबर नाही. हाताच्या कामातून आलेले त्यांचे ज्ञान निःपक्षपाती मोजमापाच्या कसोटीला उतरले आणि संघटनेच्या द्वारा सर्वांचे झाले. त्यामुळेच त्याला अभियांत्रिकीची प्रतिष्ठा आली, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. पूर्वपीठिका : स्वस्त मोटार आणि अनुकूल प्रदेश

फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बनविल्या. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात जुळणीचा फिरता पट्टा सुरू झाल्यावर किंमत उतरत गेली आणि १९२५ च्या सुमारास सर्वांत साधी मोटार सुमारे २६० डॉलरांस मिळू लागली. ह्या प्रचंड उत्पादनाचे दोन परिणाम येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, काही वर्षांतच भंगाराच्या वखारींतून ह्या मोटारींचे सांगाडे क्षुल्लक किमतीस मिळू लागले. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. कोणताही सुटा भाग कोणत्याही मोटारीस बसला पाहिजे हे तत्त्व कारखान्याने स्वतःच्या सोयीसाठी स्वीकारले होते. पण त्यामुळे मोटार ही उकलता येणारी आणि पुन्हा वेगळ्या रीतीने जुळविता येणारी वस्तू झाली. एका मोटारीची चासी, दुसरीचे इंजिन आणि तिसरीचा गिअरबॉक्स यांचे लग्न लावणे ही कल्पना हातकामाने बनलेल्या जुन्या महागड्या मोटारींच्या बाबतीत फारशी संभवत नव्हती. प्रचंड उत्पादनाने कारागिराची जागा घेतली असे आपण म्हणतो. पण त्याच उत्पादनाने कारखान्याबाहेर एका नव्या कारागिराला कच्चा माल पुरविला.

मॉडेल टीचे इंजिन २.९ लिटरांचे असूनही त्याची शक्ती अवघी वीस अश्वशक्ती होती. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस असल्याने वायूला वळण घेऊन आत शिरावे लागे. १९२० च्या दशकात लुई आणि आर्थर शेव्हरोले या बंधूंचे ‘फ्रॉन्टेनॅक’ व रसीन येथील जो यागर्सबर्गर याचे ‘राजो’ अशी झडपा डोक्यावर घेणारी सिलिंडर-हेडे बाजारात आली. फोर्डच्या ब्लॉकवर दुसऱ्याचे हेड बसवून शक्ती वाढविण्याचा हा मार्ग पुढच्या सर्व घडामोडींचे बीज होय.

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने आपली व्ही-८ मोटार प्रसिद्ध केली. आठही सिलिंडर एकाच ओतकामात घेतलेला ब्लॉक स्वस्त मोटारीत देणे हा ओतशाळेचाच पराक्रम होता. २२१ घन इंचांचे हे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. त्याचे दोषही उघड होते. एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या पोटातून, थंड पाण्याच्या वाटेनेच बाहेर पडत, आणि त्यामुळे इंजिन तापे. तरीही गरिबाच्या आवाक्यात आलेले हे पहिलेच आठ सिलिंडरांचे इंजिन असल्याने पुढील वीस वर्षे हौशी यंत्रकारांचे सारे प्रयोग त्याच्याभोवती फिरत राहिले.

दक्षिण कॅलिफोर्नियाच हे केंद्र का व्हावे, यासही कारणे आहेत. कोरड्या हवेमुळे जुन्या पत्र्याला गंज कमी चढतो आणि वर्षभर उघड्यावर काम करता येते. लॉस एंजेलिस येथे हॅरी मिलर, त्याचा आरेखक लिओ गूसन आणि यंत्रशाळेचा प्रमुख फ्रेड ऑफेनहाउझर यांनी शर्यतीची इंजिने बनविण्याची परंपरा घातली होती, आणि एड विनफील्डसारखा कार्ब्युरेटर व कॅमशाफ्ट यांचा जाणकार तेथेच काम करीत होता. डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन ह्या विमान-कंपन्यांमुळे ॲल्युमिनियमचे ओतकाम आणि अचूक लेथकाम जाणणारे कामगार त्या शहरात मुबलक होते. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील व्यवसायशिक्षणास संघराज्याचे अनुदान मिळू लागले होते; लेथ, कानस आणि गॅस वेल्डिंगची पहिली ओळख अनेक मुलांना शाळेतच झाली. याला मंदीच्या काळाची जोड मिळाली. पैसा नव्हता, पण वेळ होता.

३. कोरडी सरोवरे आणि घड्याळ

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, पर्वतापलीकडे मोहावी वाळवंट पसरले आहे. तेथील सपाट खोलगट भागांत पावसाळ्यात उथळ पाणी साचते, वारा ते इकडून तिकडे ढकलतो, आणि उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे मागे मैलोगणती गुळगुळीत कठीण चिकणमाती उरते. मुरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज ही अशीच कोरडी सरोवरे होत. मुरॉक हे नाव तेथे वस्ती केलेल्या कोरम कुटुंबाच्या नावाची अक्षरे उलटी लिहून तयार झाले.

१९३० च्या दशकाच्या आरंभी येथे तरुणांच्या धावा नियमितपणे होऊ लागल्या. सुरुवातीस अनेक मोटारी एकाच वेळी सोडीत. पुढच्या मोटारीच्या धुळीत मागच्या चालकाला काहीही दिसत नसे, आणि अपघात होत. फिल वायंड हा तरुण मुरॉक येथील अशाच एका अपघातात कायमचा पंगू झाला. पुढे त्याने चाकाच्या खुर्चीत बसून ॲल्युमिनियमची मॅनिफोल्डे बनविण्याचा व्यवसाय उभारला. हौसेची किंमत काय होती, याची ही एक खूण मानावी.

१९३७ च्या अखेरीस काही क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. संस्थेच्या नावातच तिचे मर्म आहे. शर्यतीऐवजी वेळेच्या मोजणीला तिने आपले अधिष्ठान मानले. मोटारींचे वर्ग ठरले, तपासणीचे नियम झाले आणि आखलेल्या अंतरात एकेक मोटार सोडून तिचा वेग नोंदविण्याची पद्धत रूढ झाली.

ह्या बदलाचे ज्ञानाच्या दृष्टीने मोल मोठे आहे. रस्त्यावर दोन मुलांनी लावलेल्या शर्यतीत कोण जिंकला एवढेच कळते. चालकाचे धाडस, मोटारीचे वजन आणि इंजिनाची शक्ती यांचा निवाडा तेथे होत नाही. सरोवरावरील घड्याळ मात्र एक आकडा देई. गेल्या महिन्यात आणि या महिन्यात ज्या दोन धावा झाल्या त्यांच्यामध्ये आपण काय बदलले, याचा हिशेब तो आकडा मागे. झडपेचे छिद्र मोठे केले तर वेग किती वाढला? दुसरा कार्ब्युरेटर लावल्याने लाभ झाला की तोटा? बढाईला येथे जागा नव्हती. प्रयोगशाळेत जे काम तराजू आणि तापमापक करतात ते येथे घड्याळाने केले, आणि आकडे सर्वांसमोर जाहीर होत असल्याने एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागला.

लष्कराने १९३३ पासून मुरॉकच्या परिसरात बाँबफेकीच्या सरावाचे क्षेत्र राखले होते. ते विस्तारत गेले तसतसे हे सरोवर हौशी लोकांना पारखे झाले आणि त्यांनी इतर सरोवरांचा आश्रय घेतला. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर याने ध्वनीचा वेग ओलांडला तो मुरॉकच्याच तळावरून. एकाच मातीच्या पटांगणाने परसातल्या फोर्डला आणि सरकारी खर्चाच्या रॉकेट-विमानाला आधार दिला, हा योगायोग अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

युद्धकाळात धावा थांबल्या, तरी संघटनेचा धागा तुटला नाही. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी वेडा ऑर ह्या स्त्रीला आहे. सरोवरावर संस्थेच्या धावांत मोटार चालविणारी ती पहिली स्त्री. युद्धाच्या वर्षांत तिने संस्थेचे वार्तापत्र चालवून ते दूरदूरच्या तळांवरील सभासदांना पाठविले, आणि १९४६ मध्ये सरोवरावरील मोटारींच्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. युद्धपूर्व काळाची आज जी माहिती मिळते तिचा बराचसा भाग अशा कात्रणांवर आणि छायाचित्रांवर उभा आहे.

४. धातू आणि हात

या तरुणांचे ज्ञान नेमके कोणत्या प्रकारचे होते, हे कामाचा तपशील पाहिल्यावाचून कळत नाही.

प्रथम इंजिनाचा विचार करू. १९३९ पासून मर्क्युरी मोटारीत आलेल्या व्ही-८ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ३ ३/१६ इंच व पिस्टनची चाल पावणेचार इंच होती. आठ सिलिंडरांचे आकारमान २३९ घन इंच भरे. व्यास १/८ इंचाने वाढवून त्यात १९४९ च्या मर्क्युरीचा चार इंच चालीचा क्रँकशाफ्ट घातला म्हणजे तेच इंजिन २७६ घन इंचांचे होई. हा हिशेब शाळकरी मुलाला करता येईल. पण बोअरिंग यंत्रावर ब्लॉक चढविण्यापूर्वी आणखी एक प्रश्न सोडवावा लागे : सिलिंडरची भिंत सर्व बाजूंनी सारख्या जाडीची आहे काय? ओतकामाच्या वेळी साच्यातील गाभा किंचित सरकला असेल, तर एका अंगाला भिंत पातळ होते आणि व्यास वाढविताना पाण्याची पोकळी फुटते. कोणता ब्लॉक घ्यावा आणि कोणता भंगारात टाकावा, हे सराईत माणूस बाहेरून ठोकून, निरखून आणि पूर्वीच्या फसलेल्या कामांच्या स्मरणाने ठरवीत असे. कोणत्याही आरेखनात ही माहिती नसते, कारण ती त्या विशिष्ट ओतीव तुकड्याची माहिती आहे.

दुसरे उदाहरण वायुमार्गाचे. बाजूच्या झडपांच्या इंजिनात झडप आणि सिलिंडर यांच्यामध्ये लोखंडाची सपाट कड असते. ती घासून उतरती केली तर वायूला वाट मोकळी मिळते; परंतु त्याबरोबर ज्वलनाची पोकळीही वाढते आणि दाब घटतो. एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाते. तेव्हा किती घासावे, आणि गेलेला दाब भरून काढण्यासाठी ॲल्युमिनियमच्या हेडची पोकळी किती लहान करावी, याचा मेळ घालणे हेच खरे कौशल्य. ह्या प्रश्नावर यंत्रकारांत एकमत कधीच झाले नाही, आणि मतभेदाचा निकाल दर वेळी घड्याळाकडेच मागावा लागे.

कॅन्सासहून १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात आलेला व्हिक एडलब्रॉक हा गॅरेजवाला १९३२ च्या फोर्डवर प्रयोग करता करता दोन कार्ब्युरेटरांचे स्वतःचे मॅनिफोल्ड बनवू लागला. एड इस्केंडेरियन याने युद्धानंतर साधे दंडगोल घासण्याचे ग्राइंडिंग यंत्र घेतले आणि त्यात फेरफार करून कॅमशाफ्ट घासण्याजोगे बनविले. कॅमच्या उंचवट्याचा आकार बदलला म्हणजे झडप किती उघडते आणि किती काळ उघडी राहते हे बदलते, आणि इंजिनाचा सारा स्वभाव त्यावर अवलंबून असतो. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कॅमचे नमुने हे ज्याचे त्याचे गुपित असे. मोकळेपणाने ज्ञान वाटणाऱ्यांचा हा समाज होता असे चित्र रंगविणे अतिशयोक्त होईल. आकडे सर्वांचे होते, पण आकड्यामागील युक्ती पुष्कळदा विकावयाची होती.

आता पत्रेकामाकडे वळू. येथे वेगापेक्षा रूपाला महत्त्व असे. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या लॉस एंजेलिस परिसरातील कार्यशाळेत मोटारीचे छप्पर कापून खाली आणण्याचे काम नावारूपास आले. वरवर पाहता खांबांतून काही इंच कापून काढावयाचे एवढेच ते काम. प्रत्यक्षात पुढच्या काचेचे खांब मागे कललेले असल्यामुळे छप्पर खाली येताच वरचे आणि खालचे टोक एका रेषेत राहत नाही. मग छप्पर उभे-आडवे चिरावे लागते, मधे नवी पट्टी घालावी लागते, आणि प्रत्येक झाळीच्या उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो तो निराळाच. सॅम बॅरिसने १९४९ च्या गोलाकार मर्क्युरीचे छप्पर उतरविले, त्याचे कौतुक जाणकारांना वाटले ते ह्यामुळे.

वाकलेला पत्रा सरळ करताना हातोडा बाहेरून आणि डॉली आतून धरतात. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा ताणला जातो व कठीण होतो. ताणून फुगलेला भाग आखडून घ्यावयाचा, तर लहानसा ठिपका लाल होईपर्यंत तापवून, ठोकून, झटकन थंड करावा लागतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. ते लाल न होताच वितळते. म्हणून त्यावर ॲसिटिलिनच्या ज्योतीची काजळी आधी चढवितात आणि ती काजळी जळून जाईपर्यंतच तापवितात. काजळी गेली की धातू नरम झाला असे समजावयाचे. तापमापकाविना तापमान ओळखण्याची ही युक्ती पाठ्यपुस्तकापेक्षा गुरुमुखातूनच अधिक पसरली.

सांधे झाकण्यासाठी शिसे भरीत. प्रथम पत्रा उघडा करून त्यास कल्हई करावयाची. मग सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील यांचा मिश्रधातू ज्योतीने मऊ करून थापावयाचा. हा मिश्रधातू सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, पण सुमारे २५५ अंशांपर्यंत पूर्ण द्रव होत नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये तो मळलेल्या कणकेसारखा असतो. चरबी लावलेल्या लाकडी थापीने तो तेवढ्या अवधीतच सारखा करावा लागतो. थोडी अधिक आच लागली की सारे शिसे गळून जमिनीवर पडते. मागाहून कानशीने घासून आकार येतो. शिशाची धूळ व धूर अंगास बाधतात, ही गोष्ट त्या वेळच्या कामगारांनी फारशी मनावर घेतली नाही. कसबाचे गुणगान करताना कसबी माणसाच्या प्रकृतीचा हा जमाखर्च विसरू नये.

५. युद्धोत्तर विस्तार

युद्ध संपल्यावर ह्या छंदाचे रूप पालटले. लष्करातून परतलेल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा होता आणि विमाने व रणगाडे दुरुस्त करताना मिळालेले शिक्षण होते. ॲलेक्स झिडियस याने ३ मार्च १९४६ रोजी, सैन्यातून मुक्त झाला त्याच दिवशी, बरबँक येथे ‘सो-कॅल स्पीड शॉप’ हे दुकान उघडले. पॅसिफिकमधील युद्धसेवेत विमानांच्या पोटाखालच्या इंधनटाक्या पाहिलेल्या बिल बर्क याने १९४६ मध्ये तशी एक टाकी घेऊन तिच्यात इंजिन व चालक बसविण्याचा प्रयोग केला. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून अभियंत्यांनी काढलेला आकार भंगाराच्या भावाने मिळत होता. त्याचे महत्त्व ओळखण्यास मात्र सरोवरावर तयार झालेली दृष्टी लागली.

‘हॉट रॉड’ हा शब्दही याच सुमारास सार्वत्रिक झाला, आणि तो प्रथम निंदेचा होता. सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावणारी उनाड मुले असे त्यांचे चित्र वर्तमानपत्रे रंगवीत, आणि त्यात तथ्यांश नव्हता असे नाही. संघटनेने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रदर्शन भरविले ते ही प्रतिमा पालटण्यासाठीच. रॉबर्ट पीटरसन व रॉबर्ट लिंडसे यांनी त्याच महिन्यात ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक काढला. त्याच्या दहा हजार प्रती छापल्या होत्या आणि किंमत पंचवीस सेंट होती. सरोवरावर तोंडोतोंडी चालणारी माहिती आता छापील होऊन, ज्यांनी वाळवंट कधी पाहिले नाही अशा गावांपर्यंत गेली.

मोटारींचा वेग वाढला तसे सरोवर अपुरे पडू लागले. ऑगस्ट १९४९ मध्ये यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर संस्थेचा पहिला ‘वेग-सप्ताह’ झाला. तेथे दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरून विक्रम ठरे. झिडियस आणि डीन बॅचलर यांच्या प्रवाहरेखित मोटारीने १९५० मध्ये ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. दहा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९६० रोजी, मिकी थॉम्पसन याने पाँटियाकची चार इंजिने बसविलेल्या ‘चॅलेंजर’मधून एका दिशेच्या धावेत ताशी ४०६.६० मैल वेग गाठला. यंत्र बिघडल्यामुळे परतीची धाव पुरी झाली नाही आणि जॉन कॉबचा १९४७ चा ताशी ३९४ मैलांचा विक्रम अधिकृतपणे अबाधित राहिला. जी कसोटी ह्या लोकांनी स्वतः मान्य केली होती तिचाच निर्णय येथे त्यांच्याविरुद्ध गेला आणि तो त्यांनी मानला. ह्या पंथाच्या शिस्तीचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वॉली पार्क्स याने १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून रस्त्यावरील शर्यती बंदिस्त, तपासणी केलेल्या धावपट्टीवर आणण्याचा उद्योग आरंभिला. १९५३ मध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत स्पर्धा झाली आणि १९५५ मध्ये कॅन्सासमधील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

६. परसदार आणि कारखाना

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. परसातून कारखान्याकडे काय गेले?

स्ट्यूअर्ट हिलबॉर्न याचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. त्याच्या प्रवाहरेखित मोटारीने १९४८ मध्ये सरोवरावर प्रथमच ताशी १५० मैलांचा वेग ओलांडला. कार्ब्युरेटरऐवजी इंजिनाच्या गतीबरोबर चालणारा पंप, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक फवारा आणि जादा इंधन परत टाकीत नेणारी वाट अशी त्याच्या इंधन-फवाऱ्याची रचना होती. मिथेनॉलसारखे इंधन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागते; तेवढे पुरविणे कार्ब्युरेटरला जड जाई, फवाऱ्याला नाही. बिल व्हुकोविच याने १९५३ आणि १९५४ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली ती हिलबॉर्नचा फवारा बसविलेल्या मोटारीतून.

खुद्द डंटॉव्हचा पूर्वेतिहासही बोलका आहे. त्याने १९४७ मध्ये आपल्या भावासह न्यूयॉर्क येथे फोर्ड व्ही-८ साठी ‘आर्डन’ नावाची ॲल्युमिनियमची हेडे बनविली. त्यांत झडपा डोक्यावर व ज्वलनाची पोकळी अर्धगोलाकार होती. व्यापारात ती चालली नाहीत. त्यांचे चीज केले कॅलिफोर्नियातील हौशी यंत्रकारांनी, आणि तेही झडपयंत्रणेत स्वतःच्या अनुभवाने फेरफार करून. विद्यापीठात शिकलेल्या अभियंत्याची कृती अशिक्षित समजल्या जाणाऱ्या हातांनी पुरी केली. १९५३ चे टिपण त्याने कोणत्या अनुभवाने लिहिले असेल, याची कल्पना यावरून येते. १९५५ मध्ये शेव्हरोलेचे २६५ घन इंचांचे व्ही-८ इंजिन आले आणि थोड्याच वर्षांत हौशी यंत्रकारांनी फोर्डच्या जुन्या इंजिनाची गादी त्यास दिली.

तथापि ह्या कार्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. डोक्यावरच्या झडपा, दाबाने हवा भरणे, इंधनाचा फवारा यांपैकी कोणतीही मूळ कल्पना ह्या मंडळींची नव्हती. शर्यतीच्या व विमानाच्या इंजिनांत त्या आधीपासून होत्या. महाग कल्पना स्वस्त करणे, नाजूक रचना टणक करणे आणि एका यंत्रासाठी काढलेली युक्ती दुसऱ्यास लागू करणे हे त्यांचे कर्तृत्व. तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने ते दुय्यम वाटेल; पण अभियांत्रिकीचा बराच मोठा भाग अशाच कामाचा असतो. शिवाय हा समाज बहुतांशी पुरुषांचाच राहिला. वेडा ऑर हा अपवाद होता. आणि शक्तीच्या शोधात धुराचा विचार त्यांनी केला नाही. १९७० च्या अमेरिकन हवाशुद्धी कायद्यानंतर धूर-नियंत्रणाच्या साधनांत हात घालण्यावर निर्बंध आले, तेव्हा १९६३ मध्ये संघटित झालेल्या वेगसाहित्य-उत्पादकांना ह्या नव्या मोजमापाशीही जुळवून घ्यावे लागले.

७. समारोप

हॉट रॉडच्या अभ्यासात इतिहासकाराला एक विलक्षण अडचण येते. त्याचे मुख्य साधन म्हणजे खुद्द मोटार, आणि ती कधीच एका अवस्थेत स्थिर राहिलेली नाही. १९३२ ची चासी, १९४० चे ब्रेक, १९४९ चा क्रँकशाफ्ट, आणि प्रत्येक हंगामात बदललेले मॅनिफोल्ड. १९९७ मध्ये पेबल बीच येथील प्रतिष्ठित प्रदर्शनात जुन्या हॉट रॉडसाठी प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवला गेला, तेव्हा ‘मूळ स्वरूप’ म्हणजे कोणत्या दिवसाचे स्वरूप, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. पोथीच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास तो अनोळखी वाटणार नाही. प्रत्येक झाळ, प्रत्येक बुजविलेले छिद्र हा एक पाठभेद आहे, आणि तो वाचण्यास धातूचे अक्षरज्ञान लागते. स्थळांच्या बाबतीतही काळजी वाटावी अशी स्थिती आहे. मिठाच्या पठाराची अवस्था योग्य नसल्याने २०१४ आणि २०१५ ह्या लागोपाठच्या वर्षी बॉनव्हिलचा वेग-सप्ताह रद्द करावा लागला.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. हाताचे काम हे ज्ञानाचे साधन होऊ शकते, परंतु आपोआप होत नाही. त्याला फसव्या समाधानापासून वाचविणारी कसोटी लागते. ती कसोटी बाहेरून लादलेली नसून त्याच लोकांनी संघटना करून स्वतःवर घातली, तर ते ज्ञान टिकते आणि वाढते. आणि अशा ज्ञानाची नोंद संस्थांच्या दप्तरांत उशिरा व अपुरी उमटते. डंटॉव्हचे टिपण हे तिचे एक चिन्ह, ते ज्ञान नव्हे.

आपल्याकडेही कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळा आणि पुण्या-मुंबईच्या पेठांतील गॅरेजे यांत पिढ्यान्‌पिढ्या असेच ज्ञान वावरत आले आहे. तेथील मिस्त्री कारखान्याच्या पुस्तकात नसलेला भाग घडवितो, तेव्हा तो कशाच्या आधारे घडवितो, त्याची कसोटी कोणती, आणि चूक झाली तर ती त्याला कोण दाखवितो, हे प्रश्न विचारणारा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे. तो घेणाऱ्याने वही-लेखणीबरोबर हातोडा आणि डॉलीही काही दिवस हाती धरावी. कारण ज्याने शिसे गळताना पाहिले नाही त्याला ते थापणाऱ्याची साक्ष नीट समजणार नाही, आणि ते थापणारे जुने हात आता थोडेच उरले आहेत.